ज्यांना शिक्षक मिळाला नाही, त्यांच्यासाठी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांमुळे माणूस घडतो आणि त्याच्या सर्जनशीलतेलाही बळ मिळतं, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही रोखठोक लिहिलंत. ही पुस्तकं म्हणजे निव्वळ बाजार आहे. ती परिस्थितीचा दोष माणसाच्याच माथी मारतात. आणि आयुष्यभर चित्रकला शिकवून तुम्ही एकच गोष्ट पाहिलीत, की हात चालल्याशिवाय कला येत नाही, मग पुस्तक कितीही वाचा. शेवटी नातवाबद्दल लिहिलंत: त्याच्या कपाटात अशी पुस्तकं वाढत चालली आहेत आणि स्केचबुक मात्र कोरंच आहे. हे शेवटचं वाक्य वाचून मला तुमची काळजी कळली, म्हणून घाईत दोन ओळी न लिहिता नीट उत्तर देतो आहे.

हात चालला पाहिजे, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हात कसा चालवायचा, हे ज्याला सांगणारं कुणीच नाही त्याने काय करायचं? तुमच्या वर्गातल्या मुलांना तुम्ही होतात. रेघ कुठे चुकली ते तुम्ही शेजारी उभं राहून दाखवत होतात. अशा मुलांना या पुस्तकांची गरज नव्हतीच. ज्यांना असा माणूस मिळत नाही, त्यांच्यासाठी ही पुस्तकं आहेत, आणि त्यांच्याकडे पाहूनच ती तपासली पाहिजेत.

उदाहरण म्हणून इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे घ्या. 1791 साली जन्मलेला लोहाराचा मुलगा. शाळा झाली ती लिहिण्या-वाचण्यापुरती आणि थोड्या आकडेमोडीपुरती. पुढे लंडनमध्ये जॉर्ज रीबो यांच्या दुकानात तो पुस्तकबांधणी शिकायला राहिला. तिथे त्याच्या हाती आयझॅक वॉट्स यांचं 1741 सालचं, बुद्धी कशी सुधारावी हे सांगणारं पुस्तक पडलं. त्या काळातलं ते सेल्फ-हेल्पच, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक. ज्ञान वाढवायचे पाच मार्ग वॉट्स सांगतात: निरीक्षण, वाचन, व्याख्यानं ऐकणं, संवाद आणि चिंतन. यात नवल काहीच नाही. नवल आहे ते फॅरेडेने त्याचं काय केलं यात. त्याने टिपणवही सुरू केली. संध्याकाळच्या विज्ञान व्याख्यानांना तो जाऊ लागला. त्यांची फी एका व्याख्यानाला एक शिलिंग होती आणि ती त्याचा थोरला भाऊ देत असे. आपलं लिहिणं सुधारावं म्हणून बेंजामिन अ‍ॅबट या मित्राशी त्याने लांबलचक पत्रव्यवहार सुरू केला.

आता खास तुमच्यासाठी एक तपशील. व्याख्यानात पाहिलेली उपकरणं वहीत नीट काढता यावीत, म्हणून तो पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-लांबचं अंतर कागदावर दाखवण्याची रीत, शिकला. रीबोंच्या घरी राहणारा मास्केरिए नावाचा चित्रकार होता, त्याच्याकडून. म्हणजे पुस्तकाने त्याला हाताच्या कामापासून लांब नेलं नाही. उलट पेन्सिल हातात दिली आणि शिकवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवलं.

1812 मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला हंफ्री डेव्ही या नामवंत रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. चार व्याख्यानांची टिपणं त्याने आकृत्यांसह स्वच्छ उतरवली, स्वतःच्या हाताने बांधली आणि वर्षअखेरीस डेव्हींकडे पाठवून दिली. मार्च 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन या डेव्हींच्या लंडनमधल्या विज्ञानसंस्थेत त्याची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. 1831 मध्ये त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय प्रभावाने तारेत वीज निर्माण होते याचा, शोध लावला. फॅरेडेला गणित फारसं येत नव्हतं. तो चुंबकाभोवतीच्या बलरेषा डोळ्यांसमोर आणून विचार करायचा आणि लोखंडाच्या किसाने त्या कागदावर उमटवून बघायचा. त्या रेषांना गणिताची भाषा दिली ती मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने, नंतर. चित्रातून विचार करणारा इतका मोठा शास्त्रज्ञ मला दुसरा आठवत नाही. टिपणांची सवयही सुटली नाही. त्याच्या प्रयोगवहीतल्या क्रमांक घातलेल्या नोंदी सोळा हजारांवर गेल्या.

इथे परिस्थितीचा तुमचा मुद्दा येतो आणि त्यात वजन आहे. शिलिंग देणारा भाऊ नसता, तिकिटं देणारं गिऱ्हाईक नसतं, डेव्हींकडे नेमकी तेव्हाच जागा रिकामी झाली नसती, तर फॅरेडे पुस्तकंच बांधत राहिला असता. ‘मनात आणलं की सगळं होतं’ असं सांगणारी पुस्तकं हे लपवतात, आणि गरीब माणसाच्या मनात स्वतःबद्दल नसता अपराधीपणा रुजवतात. तसल्या पुस्तकांची बाजू मी घेणार नाही. पण जागा रिकामी झाली तेव्हा दाखवायला त्याच्याकडे वही होती, हेही तितकंच खरं. संधी पुस्तकाने दिली नाही, तयारी मात्र त्याच्या मदतीने झाली.

बाजाराबद्दल थोडक्यात. ‘सेल्फ-हेल्प’ हे नाव ज्या पुस्तकामुळे रूढ झालं, ते सॅम्युअल स्माइल्स यांचं 1859 सालचं पुस्तक इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या कामकरी तरुणांपुढे दिलेल्या भाषणांतून आलं. हे तरुण संध्याकाळी जमून एकमेकांना वाचन, लेखन, हिशेब शिकवत. जागा कुठली, तर पूर्वी कॉलऱ्याचं तात्पुरतं इस्पितळ असलेली खोली. शिक्षक नव्हता म्हणून ते एकमेकांचे शिक्षक झाले होते. पुढे या प्रकाराचा धंदा झाला, हे नाकारत नाही. पण गरज खरी होती आणि आजही आहे.

हे सगळं पाश्चात्त्य फॅड आहे, असंही तुम्ही ओघात म्हणून गेलात. सर, दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास पुन्हा काढून बघा. लेखनक्रिया कशी करावी, हा त्याचा विषय. चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. समर्थ इथे आधी बोरू, शाई आणि कागदाच्या कडेची मोकळी जागा नीट करायला सांगतात. आणि वाचूनही न वागणाऱ्याला त्यांनी ‘पढतमूर्ख’ हे नाव देऊन त्याची लक्षणं सांगायला दुसऱ्या दशकातला एक अख्खा समास दिला आहे. तुमची तक्रार तिथे आधीच नोंदवलेली आहे.

चांगल्या पुस्तकाची माझी ओळख यावरूनच ठरते: ते करायला काय देतं? अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन आत्मचरित्रात आपला लिहिण्याचा सराव सांगतात. आवडलेला निबंध घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपायचा, काही दिवस कागद बाजूला ठेवायचा आणि मग नुसत्या टिपणांवरून निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाहायचा. मी हे मराठी ललित लेखांवर करतो. मूळ लेखकाने जिथे नेमकं क्रियापद वापरलेलं असतं, तिथे माझ्याकडून बहुतेक वेळा ‘आहे’ आणि ‘होते’ येतं. हे कुणी कितीही समजावून सांगितलं असतं तरी मला इतकं दिसलं नसतं. नक्कल करून स्वतःचा आवाज हरवेल, ही भीतीही मला पटत नाही. दोन मजकुरांतला फरक शोधतानाच आपली लकब कोणती आणि आळस कोणता, हे वेगळं कळायला लागतं.

आता नातवाबद्दल. त्याची पुस्तकं काढून घेऊ नका, आणि ती वाईट आहेत असंही त्याला सांगू नका. आत्ता जे वाचतो आहे त्यातला पहिला सराव कोणता, एवढंच विचारा. तो काढून दाखव म्हणा. पुस्तकात सराव नसेलच, तर ते त्याच्या कामाचं नाही, हे त्याला आपोआप कळेल. असेल, तर तो सराव वहीत उतरेपर्यंत पुढचं प्रकरण वाचायचं नाही, असं दोघांत ठरवून घ्या. आणि तुम्हीही त्याच्यासोबत तोच सराव करा. त्याच्याकडे पुस्तक आहे आणि सुदैवाने घरात शिक्षकही आहे.