पिंट्या कोण?

आमच्या कॉलेजात गेली आठ वर्षं वायफायचा एकच पासवर्ड होता. तो प्राचार्यांना ठाऊक होता, शिपाईमामांना ठाऊक होता आणि गेटाबाहेरच्या चहावाल्याला तर आमच्याही आधी कळला होता. मग नॅकची समिती येणार असं ठरलं. भिंतींना रंग लागला, व्हरांड्यात कुंड्या आल्या आणि वायफायलाही 'एंटरप्राइझ' हा शब्द चिकटला.

म्हणजे काय, तर आता सगळ्यांत मिळून एक किल्ली नाही. ज्याने त्याने स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड सांगायचा. आत रेडियस नावाचा सर्व्हर बसलेला असतो, तो वहीत बघणार आणि मगच सोडणार. इथवर माझी काही तक्रार नव्हती. लायब्ररीत आमचे ग्रंथपाल वेगळं काय करतात?

पण आयटीच्या मुलाने दिलेला कागद सतरा पायऱ्यांचा निघाला. मराठी विभागाचा लॅपटॉप विंडोजवर चालतो आणि त्यातली ही सेटिंग्ज म्हणजे जुना वाडा. कंट्रोल पॅनेल ही ओसरी. नेटवर्कचं नाव हाताने भरून 'डब्ल्यूपीए-टू एंटरप्राइझ' निवडलं की आपण सोप्यात. 'सिक्युरिटी' हे माजघर. तिथलं 'सेटिंग्ज' दाबलं की स्वयंपाकघर, आणि त्याच्या कोपऱ्यात 'कॉन्फिगर' नावाचं बारीकसं बटण. त्यामागे अडगळीची खोली. तिथे एकच चौकोन, त्यात एकच बरोबरची खूण. मी ती पाहिली, खोलीला नमस्कार केला आणि परत फिरलो.

स्वयंपाकघरातली 'सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासा' ही खूण मात्र मी काढणारच होतो. सर्व्हरचं ओळखपत्र बघत बसायचं, नको ती भानगड. मुलगा खुर्चीतून उठलाच. "सर, उद्या कुणी बाहेर आपल्याच नावाचं वायफाय लावलं तर तुमचा लॅपटॉप ओळखपाळख न बघता त्याच्याशी बोलायला लागेल!" खूण राहू दिली.

पुढचे दोन दिवस 'या नेटवर्कशी जोडता येत नाही' एवढंच उत्तर आलं. का, ते विचारायची सोय नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा सर्व्हरच्या नोंदी छापून स्टाफरूममध्ये आला आणि भर डब्याच्या वेळेला म्हणाला, "सर, हा पिंट्या किंग कोण? तुमच्या विभागातून एकेचाळीस वेळा आत यायला बघतोय."

माझ्या आधीचे विभागप्रमुख लॅपटॉप घरी नेत. त्यांच्या नातवाने त्यावर स्वतःच्या नावाने खातं उघडलं होतं, आणि अडगळीच्या खोलीतली ती खूण होती 'विंडोजचं लॉगिन नाव आपोआप वापरा'. मी एकेचाळीस वेळा दार ठोठावलं, नाव सांगितलं पिंट्याचं. इतिहासाच्या मॅडम अजूनही मला 'या किंग' म्हणतात.

खूण काढली. माझं नाव घातलं. तरी नाही! मुलाने पुन्हा नोंदी पाहिल्या आणि गंभीर झाला. "सर, सर्व्हर तुम्हाला घ्यायला तयार आहे. तुमचा लॅपटॉपच सर्व्हरला नकार देतोय."

म्हणजे पत्रिकेतच खोट. सर्टिफिकेट होतं 2024 सालचं आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2012. त्याच्या हिशेबाने मुलगी अजून जन्मायची होती. बॅटरी कधीच मेलेली, आतला नाण्याएवढा सेलही संपलेला, त्यामुळे प्लग निघाला की घड्याळ 2012 वर. तारीख मी रोजच बघत होतो, पण विभागाच्या एकूण वातावरणात ती खटकली नव्हती. वेळ इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त होते म्हणे. आणि इंटरनेट? वेळ दुरुस्त झाल्यावर.

शेवटी तारीख हाताने लावली आणि एका क्षणात जोडलं गेलं. शिपाईमामा विजेची बचत म्हणून रोज संध्याकाळी प्लग काढतात. मी रोज सकाळी लॅपटॉपला बारा-तेरा वर्षं पुढे आणतो.

काल त्याचाही कंटाळा आला म्हणून चहाला गेलो. टपरीवर बाकड्यावर बसतो न बसतो तोच खिशातला मोबाइल आपसूक वायफायला जोडला गेला. वर नाव आमच्या कॉलेजचं. मी चहावाल्याकडे पाहिलं.

"मीच घेतलं कनेक्शन," तो ग्लास विसळत म्हणाला. "नाव, पासवर्ड जुनाच ठेवलाय. तुम्हा लोकांच्या मोबाइलात आधीच भरलेला, उगाच तुम्हाला त्रास कशाला!"