‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’बद्दल एका सोलापूरकराचं म्हणणं

कोटणीसांची जयंती आली की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर व्ही. शांतारामांच्या या सिनेमातलं एखादं दृश्य फिरायला लागतं. खाली मजकूर असतो, प्लेगवर औषध शोधता शोधता प्राण देणारे सोलापूरचे सुपुत्र. मागे मी एका ग्रुपवर लिहिलं की कोटणीस प्लेगने गेले नाहीत. लगेच एका मित्राचं उत्तर आलं, “काय बे, पिच्चर बघितला नाहीस काय?”

बघितलाय. लहानपणी दूरदर्शनवर, आणि आता परत, शांतपणे, सलग. तो मित्र चुकीचा आहे असंही नाही. त्याने सिनेमा बघितला आणि सिनेमाने सांगितलेलं खरं मानलं. म्हणूनच लांबलचक लिहितोय.

आधी जे सिनेमाचं आहे ते सिनेमाला देऊ. हा सिनेमा 1946 चा. देश अजून स्वतंत्र झालेला नाही, महायुद्ध संपून वर्षही धड उलटलेलं नाही. अशा वेळी ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे एका भारतीय डॉक्टरची गोष्ट लिहितात, जो दुसऱ्याच देशाच्या, म्हणजे चीनच्या जपानविरुद्धच्या, लढाईत जखमींच्या मलमपट्टीला गेला आणि तिथेच संपला. युद्धपटाचा नायक बंदूकवाला नाही, स्टेथोस्कोपवाला आहे. आपल्याकडे नंतर इतके युद्धपट आले, त्यात जखमी जवान दिसतो तो बहुतेक मरण्यापुरता. त्याला वाचवणारा माणूस मध्यभागी ठेवण्याचं धाडस शांतारामांनी तेव्हा केलं. बाबूराव पेंढारकर, केशवराव दाते यांच्यासारखी माणसं आहेत, वसंत देसाईंचं संगीत आहे, आणि शेवटचा भाग तर माझ्या मते आपल्या सिनेमातल्या सर्वांत चांगल्या शेवटांपैकी एक. मरणाच्या दारातला नवरा बायकोला सोलापूरच्या आपल्या घराचं वर्णन करून सांगतो आणि ती तान्ह्या पोराला घेऊन त्या घरी येते. हे बघताना डोळ्यांत पाणी येतंच. त्या काळी थेटरात बसलेल्या सोलापूरच्या आयांचं काय झालं असेल!

आता जे खटकतं ते.

कोटणीस सप्टेंबर 1938 मध्ये निघाले तेव्हा 27 वर्षांचे होते. शांतारामांनी ही भूमिका चाळिशी ओलांडल्यावर केली. कोटणीसांच्या चिनी बायकोच्या भूमिकेत जयश्रीबाई मेकअप करून चिनी झाल्या आहेत. इथेच उभारलेला चीन, ओरडणारे जपानी अधिकारी, कैदेतून सुटका. हे सगळं त्या काळाचं म्हणून मी सोडून देतो. तेव्हाची साधनं तेवढीच होती.

पण प्लेगचं सोडून देता येत नाही. पडद्यावर कोटणीसांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे प्लेगच्या साथीवर उपाय शोधणं, तोही स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून, आणि त्यांचं मरण त्याच प्रयोगाला बांधलेलं. प्रत्यक्षात असं काही घडलं नाही. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, उत्तर चीनमधल्या हबेई प्रांतातल्या एका खेड्यात कोटणीस गेले ते अपस्माराने. एकामागून एक झटके आले आणि ते वाचले नाहीत. त्यांचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

अपस्मार म्हणजे आपण ज्याला फिट येणं, मिरगी म्हणतो तो. हा आजार त्यांना चीनमध्ये असताना जडला. उपचारासाठी आघाडीपासून मागे जा, असं वरिष्ठांनी सांगूनही ते हलले नाहीत. एक सर्जन, रोज हातात चाकू घेणारा माणूस, आपल्याला कधीही झटका येऊ शकतो हे माहीत असताना काम करत राहतो. याहून मोठं नाट्य कुठल्या लेखकाला सुचलं असतं? आणि हे तर कुणाला सुचवावंही लागलं नव्हतं, आयतं होतं.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगतो. माझ्या भाचीला फिट्स येतात. दहावीला आहे. पहिल्यांदा आली तेव्हा घरात धावपळ झाली, शेजारच्या काकूंनी चप्पल हुंगवली, कुणीतरी कांदा फोडून आणला, कुणी दातांत चमचा घालायला निघालं. नंतर औषधं सुरू झाली, आता वर्षात क्वचितच त्रास होतो. पण तिच्या आईने, माझ्या ताईने, शाळेत आजही सांगितलेलं नाही. “पोरीची जात आहे, उद्या लग्नाचं बघायचंय,” एवढंच म्हणते. ताईला दोष देऊन उपयोग नाही, लोक तसेच वागतात. हा सिनेमा मी भाचीबरोबर बघितला. संपल्यावर खरं काय झालं होतं ते तिला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “मामा, फिट येत असून ते ऑपरेशन करायचे?” आणि मोबाईल ओढून घेऊन स्वतःच वाचत बसली. सिनेमाभर ती इतकी सरसावून बसली नव्हती.

सिनेमाने काय घालवलं ते मला तेव्हा दिसलं. साथीच्या रोगाशी लढून मेलेला माणूस पूजेला सोपा असतो. स्वतःच्या मेंदूत उठणाऱ्या झटक्यांशी जुळवून घेत काम करणारा माणूस पूजेपेक्षा सोबतीला उपयोगी पडतो. 1946 साली असा नायक दाखवायला निर्मात्याला अवघड गेलं असेल, हे मला समजतं. पण मग या सिनेमाला अभिजात म्हणताना ही उणीव मोजायला नको का?

दुसरं, कोटणीसांचं रोजचं काम सिनेमात फार थोडं येतं. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू असताना पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. तिकडे पोचून काही महिने होतात न होतात तोच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. ‘परत जा’ असं सोबत्यांनी सांगितलं, हे गेले नाहीत. बाकीचे चौघे पुढे एकेक करून परतले. कोटणीस 1939 मध्ये येनान या चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, तिथून त्यांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ भागात. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन, शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तात विष भिनून 1939 मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रं जानेवारी 1941 मध्ये कोटणीसांच्या हाती आली. त्यांनी चिनी भाषा शिकून त्याच भाषेत शिकवलं. 1940 मधल्या एका लढाईत 72 तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. आणि शेवटच्या दिवसांत ते शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहीत होते, आपल्यानंतर येणाऱ्या पोरांसाठी. बंकरबिंकर नाही, आग लागलेला तंबू नाही. कंदिलाच्या उजेडात पुस्तक लिहिणारा सोलापूरचा तरुण. हे दृश्य सिनेमात हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटाबद्दलही एक गोष्ट. इतकं सुंदर दृश्य मोडवत नाही, पण कोटणीसांच्या पत्नी गुओ छिंगलान तेव्हा बाळाला घेऊन सोलापूरला आल्याच नाहीत. त्यांचं आयुष्य चीनमध्येच गेलं, भारतात त्या आल्या त्या कितीतरी वर्षांनी. तो मुलगा तरुण वयातच, 1967 मध्ये गेला. बाईंनी नवरा गमावला, मुलगा गमावला, आणि 2012 पर्यंत जगल्या. त्यांच्यावर वेगळा सिनेमा व्हावा एवढं त्यांचं आयुष्य आहे. पडद्यावर मात्र त्या सासरी येऊन थांबतात.

मग या सिनेमाला मान मिळावा का? मिळावा. भारतीय युद्धपटांच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे, त्याच्यामुळेच कोटणीस हे नाव हिंदुस्थानभर गेलं, ते मी कधी नाकारणार नाही. फक्त ‘कोटणीसांचं चरित्र’ हा मान त्याला देऊ नका. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. पोरांना तिथे न्या आणि ते नेमके कशाने गेले हे त्यांना नीट सांगा. आजाराचं नाव उच्चारायला लाजू नका.

आणि शाळांनो, सिनेमा जरूर दाखवा, पण त्यानंतर एखाद्या डॉक्टरला पंधरा मिनिटं बोलायला बोलवा. फिट आली की माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा काही नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या वर गेली की थेट दवाखान्यात न्यायचं. ही पोस्ट वाचणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील तर मला मेसेज करा. यायला तयार असलेल्या डॉक्टरांशी मी बोललोय.