‘सागवानाशिवाय चौकट टिकतच नाही’: हा मेसेज कुठं चुकतो

गावात कुणी घर बांधायला काढलं की ग्रुपवर हा मेसेज फिरतोच: ‘चौकटी-खिडक्यांना सागवानच घ्या. प्रक्रिया केलेलं लाकूड म्हणजे भाजलेलं पाइन. एका पावसाळ्यात फुगते, दुसऱ्यात वाळवी खाते. पर्यावरणाच्या नावानं परदेशी माल खपवतात.’

‘सागवानच घ्या.’ टिकतो तो सागाचा गाभा. सालीजवळचं पांढरं लाकूड वाळवी आवडीनं खाते. 2023 मध्ये बल्लारपूर डेपोतून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हापासून आरा मशीनवर सगळीकडे ‘तोच माल’ मिळतो! धुऱ्यावरच्या पंधरा-वीस वर्षांच्या सागात पांढरं भरपूर असतं. नगाच्या चारही बाजू पाहा. एका कोपऱ्याला जरी पांढरी पट्टी दिसली तरी तो नग चौकटीला घेऊ नका.

‘फुगते.’ साधं पाइन फुगतं. ॲसेटिक ॲनहायड्राइड या रसायनाची प्रक्रिया केलेलं, म्हणजे ॲसिटिलेटेड पाइन वेगळं. पाणी धरणाऱ्या जागाच या प्रक्रियेत बदलून जातात. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईस्तोवर साग रुंदीत सुमारे 5 टक्के आकसतो, हे साधारण दीड टक्का. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी झळ आणि ऑगस्टमध्ये झड, अशा हवेत दाराचा पल्ला अडकतो की नाही ते यावरच ठरतं.

‘वाळवी खाते.’ इथं मेसेज अर्धा खरा. 180 ते 215 अंशांवर वाफेत तापवलेलं थर्मोवूड कुजायला दाद देत नाही, पण वाळवीला देतं. शिवाय ठिसूळ होतं, आधी भोक न पाडता स्क्रू मारला की चिरतं. आमच्या मते ते चौकटीला नकोच. वरच्या खिडकीच्या पल्ल्यापुरतं ठीक.

ॲसिटिलेटेड लाकडाला वाळवी सहसा टाळते, पण खरी लढाई चौकटीच्या पायात असते. आपल्याकडे पाय फरशीखाली दोन इंच गाडतात आणि वर काळं ऑइल फासतात. ऑइल वरवरच राहतं. कापलेलं तोंड मात्र बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतं, आणि वाळवी जमिनीतून तिथंच चढते. म्हणून पाय फरशीच्या 10-12 मिमी वर थांबवा, तोंडाला सीलरचे दोन हात द्या आणि फट सिलिकॉननं भरा. पाया भरतानाच वाळवीनाशक मारून घ्या, कोणतंही लाकूड असलं तरी. ॲसिटिलेटेड लाकडाला सिमेंटच्या क्षाराचा सततचा संपर्कही सोसत नाही, तेव्हा ते ओल्या सिमेंटच्या मालात दाबून बसवू नका.

ॲसिटिलेटेड लाकडात थोडं ॲसेटिक ॲसिड उरलेलं असतं, आंबूस वास त्याचाच. त्यानं साधे लोखंडी स्क्रू आणि होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) गंजतात, लाकडावर काळे डाग पडतात. दोन्ही स्टेनलेसचे घ्या. सुतार ‘चालते ना’ म्हणेल, नाही चालत.

‘परदेशी माल.’ खरंय. न्यूझीलंडचं रेडिएटा पाइन नेदरलँड्समध्ये प्रक्रिया होऊन अकोया नावानं विकलं जातं. पण बाजारातला बराच सागही आफ्रिका नाहीतर दक्षिण अमेरिकेतून येतो. दोन्हीकडे एफएससीचा कागद मागा, म्हणजे लाकूड जबाबदारीनं राखलेल्या जंगलातलं असल्याचं प्रमाणपत्र. स्थानिक सागाला वनखात्याचा वाहतूक परवाना.

महाग पडते, हे मेसेजमध्ये नाही, पण प्रश्न तोच असतो. 3 बाय 7 फुटांच्या दाराला 4 बाय अडीच इंचाची, उंबरठ्याविना चौकट सुमारे साडेसतरा रनिंग फूट होते, म्हणजे सुमारे 1.2 घनफूट, कापणीत जाणारं वेगळं. याला घनफुटाच्या भावानं गुणून पाहा. पावसाच्या बाजूची दारं-खिडक्या तेवढी मोजून त्यांनाच ॲसिटिलेटेड लाकूड लावा. आतल्या खोल्यांना गाभ्याचा स्थानिक साग पुरे.