कात्री आधीच चाललेली असे: स्टुडिओतील जुन्या नाटकांविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे नागपुरातील नाट्यकर्मींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक संदेश फिरत आहे. मला तो पाच ठिकाणांहून आला आणि पाचही वेळा त्याच्याखाली हात जोडलेले होते. लिहिणाऱ्याचे नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘१९७४ साली नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात आम्ही टीव्हीवर नाटक पाहायचो, ते खरे नाटक होते. स्टुडिओत कॅमेरा एका जागी उभा करायचे आणि नाटक जसेच्या तसे टिपायचे. सगळे थेट जायचे. रीटेक नव्हता, संकलन तर नव्हतेच. पैसा नव्हता म्हणून बाहेर चित्रीकरण नव्हते. विलायतेत एक नट थेट प्रक्षेपणात कॅमेऱ्यासमोर गेला, तरी प्रयोग थांबला नाही. ही सगळी नाटके पुढे अडाणी बाबूंनी पुसून टाकली.’ यातल्या काही वाक्यांत अर्धे सत्य आहे, त्यामुळे सगळा मजकूर एकदम झटकून टाकता येत नाही. एकेक वाक्य हाती घ्यावे लागते.

वाड्यातल्या संचाचे आधी उरकतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र मिळू लागले. नागपूर त्यात कुठेच नव्हते. गच्चीवर कितीही उंच अँटेना लावला असता, तरी १९७४ साली महालात पडद्यावर मुंग्यांखेरीज काही दिसले नसते. वर्षे आठवणीत सरकतात, माझीही सरकतात, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

कॅमेरा एका जागी उभा करून नाटक टिपत, हा या संदेशातला सर्वांत चुकीचा दावा आहे आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त लोकांना पटलेलाही तोच आहे. स्टुडिओतील नाटक सहसा तीन किंवा चार कॅमेऱ्यांवर होत असे. सेट मोठ्या दालनाच्या भिंतींकडेने मांडलेले असत, दिवाणखाना एका कोपऱ्यात, कचेरी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधल्या मोकळ्या जमिनीवर चाकांच्या स्टँडवरचे कॅमेरे फिरत. प्रत्येक कॅमेऱ्यामागे मनगटाएवढी जाड केबल असे. एका कॅमेऱ्याची केबल दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये, म्हणून कोणता कॅमेरा कोणत्या संवादावर कुठून कुठे जाईल हे आधी कागदावर आखावे लागे. दिवाणखान्यातील शेवटच्या वाक्यावर पहिला कॅमेरा नायिकेचा चेहरा धरून ठेवी, आणि तेवढ्या वेळात दुसरा व तिसरा कॅमेरा आवाज न करता कचेरीच्या सेटसमोर जाऊन उभे राहत. झूम भिंग सर्रास वापरात येण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरत्या चकतीत तीन-चार भिंगे बसवलेली असत, आणि ती चकती चित्र प्रक्षेपणात नसतानाच फिरवायची असल्यामुळे भिंग बदलण्याचे क्षणही आधीच ठरलेले असत.

दालनाबाहेरच्या किंवा माडीवरच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा एक मॉनिटर असे. दिग्दर्शक (दूरदर्शनच्या भाषेत निर्माता) त्या मॉनिटरांकडे पाहत शॉटचे क्रमांक पुकारी, शेजारी बसलेली व्यक्ती व्हिजन मिक्सरचे, म्हणजे कॅमेऱ्यांपैकी एकाचे चित्र निवडणाऱ्या यंत्राचे, बटण दाबी, आणि ज्या कॅमेऱ्याचे चित्र निवडले गेले त्याच्यावरचा तांबडा दिवा लागे. टॉकबॅकवरून, म्हणजे हेडफोनमधून बोलण्याच्या सोयीवरून, हे सगळे कॅमेरामनांच्या आणि दालनातले काम सांभाळणाऱ्या फ्लोअर मॅनेजरच्या कानात चाललेले असे. संकलक पुढे आठ दिवस टेबलाशी बसून जे काम करतो, ते काम इथे नट वाक्य बोलत असतानाच होत होते. संकलन नव्हते असे म्हणणाऱ्याने ते बटण दाबणारे बोट पाहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी ते पाहिले आहे, तेही दिव्याच्या चुकीच्या बाजूने. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य नाट्य स्पर्धेत बरी दाद मिळालेली आमच्या हौशी मंडळाची एक एकांकिका एका स्टुडिओत ध्वनिचित्रमुद्रित होणार होती आणि मी तिच्यात धाकट्या भावाची भूमिका करत होतो. स्टुडिओ मिळाला एका दिवसापुरता. त्यापूर्वीचे दहा दिवस आम्ही धरमपेठेतील एका शाळेच्या वर्गात तालीम केली. शहाबादी फरशीवर खडूने भिंती आखल्या होत्या, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या होत्या, आणि तीन खुर्च्यांवर एक, दोन, तीन असे आकडे चिकटवून ते कॅमेरे समजायचे होते. सवयीप्रमाणे मी रेषा ओलांडून खोलीत शिरलो की कोपऱ्यातून आमचे ज्येष्ठ नट ओरडत, ‘भाऊ, भिंतीतून चालून राहिला तू!’ त्या वेळी मला तो पोरखेळ वाटत होता. रंगमंचावर पाच इंच इकडेतिकडे कोण विचारतो?

स्टुडिओत मात्र विचारणारे सगळेच होते. धनवटे रंग मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावे अशा बेताने कमावलेला आवाज लावताच बूम (लांब काठीवरचा मायक्रोफोन) धरणाऱ्याने कानावरचे हेडफोन सरकवून माझ्याकडे असे काही पाहिले की पुढचे वाक्य आपोआप निम्म्या आवाजात आले. त्याची काठी माझ्या डोक्यापासून हातभर वर होती. ती आणखी खाली आली असती तर चित्रात आली असती, आणि मी मागे सरकलो असतो तर तिची सावली भिंतीवर पडली असती. तासाभराने मोठ्या बहिणीच्या रडण्याच्या प्रसंगात मी जमिनीवरच्या पट्टीच्या एक पाऊल पुढे गेलो. माझ्या दृष्टीने ते पाऊल भावनेच्या भरातले होते. दोन नंबरच्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते माझे डोके होते आणि त्यामागे ताई नाहीशी झाली होती. फ्लोअर मॅनेजरने तळहात आडवा धरून थांबवले. आम्ही तो सगळा प्रवेश, साडेसहा मिनिटांचा, पहिल्यापासून पुन्हा केला.

रीटेक नव्हता, या दाव्याचे उत्तर त्या साडेसहा मिनिटांत आहे. रीटेक होता, पण एका वाक्याचा नव्हता. तो प्रवेशाचा असे, कारण मधूनच सुरू करून आधीच्या चित्राला बेमालूम जोडणे हे वेळखाऊ आणि महागाचे काम होते. भाड्याचा स्टुडिओ आणि त्यातील पंधरावीस माणसे घड्याळाला बांधलेली असल्यामुळे फारच मोठी चूक झाल्याखेरीज कोणी थांबत नसे. नटाचे छोटे अडखळणे, सेटची हललेली भिंत, फुलदाणीशी झालेला खुडखुड आवाज असे पुष्कळ काही तसेच जाऊ दिले जाई. प्रेक्षकाला ते दिसले आणि त्याने त्यावरून ठरवले की दुसरी संधी नव्हतीच.

थेट प्रक्षेपणाचा काळ होता, हे मात्र खरे. तो कोणत्या वर्षांचा, हे संदेशात गुलदस्त्यात राहते. बीबीसीने पहिले दूरचित्रवाणी नाटक १४ जुलै १९३० रोजी दाखवले आणि पुढली पंचवीसेक वर्षे नाटक म्हणजे प्रामुख्याने थेट प्रयोग. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवरचे नाटक १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारी थेट सादर झाले आणि त्याचे पुनःप्रक्षेपण गुरुवारी, १६ तारखेला झाले. पुनःप्रक्षेपण म्हणजे सगळ्या नटांनी पुन्हा येऊन सगळे नाटक पुन्हा केले. आज आपल्याला जे पाहायला मिळते ते गुरुवारचे, कारण तेवढेच फिल्मवर उतरवून ठेवले गेले. पण याही नाटकात आधी चित्रित केलेले फिल्मचे तुकडे होते, आणि ते पडद्यावर चालू असताना नटांना पोशाख बदलून दुसऱ्या सेटवर पोहोचायला उसंत मिळत होती. म्हणजे ज्याला आपण ‘एका दमात’ म्हणतो, त्या दमालाही आधी आखून घेतलेले विसावे होते.

१९५६ च्या एप्रिलमध्ये अँपेक्स कंपनीने शिकागोत व्हिडिओ टेपचे यंत्र दाखवले आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत ते प्रक्षेपणासाठी वापरलेही गेले. मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा टेप सोळा वर्षांची होती. त्यामुळे आपल्याकडच्या मराठी कार्यक्रमांविषयी बोलताना ‘तेव्हा साठवण्याची सोयच नव्हती’ हे गृहीत धरणे चुकीचे आहे. सोय होती; ती बोजड होती. टेप दोन इंच रुंद, चित्र तिच्यावर आडव्या रेघांत लिहिलेले, आणि डोळ्यांना न दिसणारे. कापायचे असेल तर लोहकणांचा द्रव लावून, सूक्ष्मदर्शकाखाली दोन चित्रांमधली जागा शोधून, पात्याने कापून चिकटपट्टी लावावी लागे. त्यातही ध्वनी वाचणारे हेड चित्राच्या हेडपासून वीतभर पुढे असल्यामुळे त्याच जागचा आवाज टेपवर अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतरावर असे. चित्र बरोबर कापले की शब्द तुटत. १९६३ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जोड देणारी यंत्रणा आली तरी सुरुवातीला ती रोजच्या कामाला परवडणारी नव्हती. असा एकेक जोड देण्यापेक्षा सलग प्रवेश मुद्रित करणे शहाणपणाचे होते. त्याला ‘शुद्धता’ म्हणायचे असेल तर म्हणा. तिथले लोक त्याला वेळापत्रक म्हणत.

इथे एक गंमत सांगायला हवी. एकच कॅमेरा, एकेक शॉट, मग दिवे बदलून दुसरा शॉट, ही चित्रपटाची रीत. दूरचित्रवाणीच्या नाटकात ती कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र खांद्यावर मावू लागल्यानंतर, म्हणजे १९८२ साली बीटाकॅम आल्यानंतर, खऱ्या अर्थाने सुकर झाली. आजच्या मालिकेत दोन-तीन कॅमेरे लावले तरी बहुधा प्रत्येकाचे वेगळे मुद्रण होते आणि निवड नंतर केली जाते. तेव्हा संदेशातला ‘एक कॅमेरा’ जुन्या काळात नव्हताच. तो पुढच्या काळातून उचलून मागे ठेवला आहे.

पैशांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. स्टुडिओ स्वस्त होता म्हणून वापरत, हे समीकरण उलटे आहे. छताला टांगलेल्या दिव्यांची जाळी, सेट, कॅमेरे आणि माणसे यांचा खर्च मोठा होता. खरी अडचण त्या जाड केबलची होती. इलेक्ट्रॉनिक कॅमेरा कंट्रोल रूमशी बांधलेला, त्यामुळे बाहेर जायचे तर एक आख्खी ओबी व्हॅन, म्हणजे चाकांवरची कंट्रोल रूम, न्यावी लागे. म्हणून रस्त्यावरचा प्रसंग सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घेऊन नंतर नाटकात मिसळत, आणि ज्यांनी जुने ब्रिटिश कार्यक्रम पाहिले आहेत त्यांना दार उघडून पात्र अंगणात येताच चित्राचा पोत एकाएकी बदलतो ते आठवत असेल. बाहेर जाणे बंद नव्हते, ते दुसऱ्या यंत्राने होत होते.

नटाच्या मृत्यूची गोष्ट खरी आहे, पण संदेशात तिला तिखटमीठ लावले आहे. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी ब्रिटनमध्ये ‘अंडरग्राउंड’ या नाटकाच्या थेट प्रक्षेपणात गॅरेथ जोन्स या तरुण नटाचा हृदयविकाराने मृत्यू झाला. तो कॅमेऱ्यासमोर नव्हे, आपल्या दोन प्रवेशांच्या मधल्या वेळात रंगभूषेच्या ठिकाणी झाला. बाकीच्यांनी त्याचे संवाद आपसांत वाटून, जमेल तसे रचून शेवटपर्यंत नेले. माणूस पडद्यावर मरत असताना कॅमेरा निर्विकारपणे चालू राहिला, असे चित्र उभे करणे त्या सहकाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

राहिले टेप पुसण्याचे. नुकसान झाले, मोठे झाले, त्याचे समर्थन मी करत नाही. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे साठच्या दशकातील नव्वदहून अधिक भाग बीबीसीच्या संग्रहात उरले नाहीत. पण त्यामागे अडाणीपणा होता म्हणणे सोपे आहे म्हणूनच संशयास्पद आहे. १९५६ साली अमेरिकेत तासाभराच्या कोऱ्या टेपला सुमारे तीनशे डॉलर पडत, आणि टेपचा सर्वांत मोठा गुण म्हणून विक्रेते जो सांगत तो हाच की ती पुसून पुन्हा वापरता येते. ब्रिटनमध्ये नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांनी पुनःप्रक्षेपणांवर मर्यादा घातली होती. रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. घरात बसून जुना कार्यक्रम पुन्हा पाहण्याचे साधन कोणाकडे नव्हते. ज्याला पुन्हा दाखवता येत नाही आणि विकताही येत नाही, ते जागा अडवणाऱ्या अवजड रिळांवर का ठेवायचे, असा हिशेब केला गेला. हिशेब आखूड नजरेचा होता. तो करणारी माणसे मात्र आपले काम नीट जाणणारी होती, आणि जे भाग वाचले त्यांतले बरेच परदेशांत विकण्यासाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतींमुळे वाचले.

आमच्या एकांकिकेचीही टेप उरलेली नाही. दोनदा प्रक्षेपित झाली आणि पुढे तिच्यावर दुसरे काही मुद्रित झाले, असे कानावर आले. माझ्याकडे उरले आहे ते कॅमेरा स्क्रिप्ट. उजव्या बाजूला संवाद, डाव्या बाजूला शॉटचा क्रमांक, कॅमेऱ्याचा आकडा आणि ‘मध्यम’, ‘दोघे’, ‘ताई जवळून’ अशा नोंदी. पस्तीस मिनिटांच्या नाटकाला एकशे बारा शॉट, म्हणजे एकशे अकरा कट, स्टुडिओच्या दाराला हात लागण्याच्या आठवडाभर आधी टंकलिखित झालेले. सत्तेचाळिसाव्या शॉटसमोर मात्र पेन्सिलने, घाईत, दोनदा अधोरेखित करून लिहिले आहे: ‘धाकटा – एक पाऊल मागे.’