"आम्ही उडी मारली" म्हणजे नक्की कोणी?

नमस्कार. नाव लिहिलं नाहीत म्हणून दादा म्हणते, ताई असाल तर आधीच सॉरी. न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाऊनच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, जाम राग आला, उत्तर टाईप केलं, पुसलं, आता सकाळी चहा पिऊन परत लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादांचं म्हणणं असं की लेख ट्रॅव्हल कंपनीच्या जाहिरातीसारखा आहे, तळ्याचं पाणी दर पंचवीस मिनिटांनी वर-खाली होतं ही व्हॉट्सॲपवरची थाप आहे, तळ्याला कसली आलीय भरती, डोंगरच बघायचे तर सह्याद्री काय वाईट आहे, आणि "आम्ही उडी मारली" असं लिहिलंय पण बंजी जंपिंगचा (पायाला रबरी दोर बांधून मारायची उडी) माझा एकही फोटो कसा नाही.

पाण्याचं आधी घेते कारण तिथे मी अजिबात मागे हटणार नाहीये. ती थाप नाही हो! भरती-ओहोटीसारखं चंद्रामुळे नाही होत ते, तुमचं तेवढं बरोबर, पण मी भरती म्हटलंच नव्हतं. परातीत पाणी घेऊन ओट्यापासून बेसिनपर्यंत चालत जा, पाणी एका काठाला चढतं, मग दुसऱ्या, परत पहिल्या. हिंदकळतं. क्वीन्सटाऊनचं वाकाटिपू तळं म्हणजे तशीच एक परात आहे, फक्त ऐंशी किलोमीटर लांब आणि ३८० मीटर खोल, वाऱ्याने किंवा हवेच्या दाबाने पाणी एकीकडे ढकललं गेलं की ते बराच वेळ हिंदकळत राहतं आणि एवढ्या मोठ्या परातीला एक फेरी पुरी करायला पंचवीस-सत्तावीस मिनिटं लागतात. फरक वीतभरही नसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. माओरी, म्हणजे तिथले मूळचे लोक, त्यांची गोष्ट अशी की मटाऊ नावाचा राक्षस मनाता नावाच्या मुलीला पळवून घेऊन गेला, मग तिच्या प्रियकराने, मटाकाउरीने, तो झोपेत असताना त्याला जाळला, तो जिथे गुडघे पोटाशी घेऊन झोपला होता तिथे खड्डा पडून तळं झालं, आणि हृदय तेवढं जळलं नाही, ते तळाशी अजून धडधडतंय. नकाशात बघा, डोकं एका टोकाच्या ग्लेनॉर्कीला, पाय दुसऱ्या टोकाच्या किंग्स्टनला, आणि क्वीन्सटाऊन बरोबर गुडघ्यावर.

आणि हे मी वाचून नाही लिहिलं. नोव्हेंबरात तिथे रात्री नऊच्या आसपासपर्यंत उजेड असतो, जेवण झाल्यावर मी आणि भाचा धक्क्याच्या लाकडी खांबापाशी बसलो, खांबावर पाण्याची ओली रेघ होती तिथे त्याने आईस्क्रीमची काडी चिकटपट्टीने लावली आणि मोबाईलवर टायमर. पहिल्या दिवशी काही कळलं नाही कारण एक बोट गेली की लाटाच लाटा. दुसऱ्या दिवशी वारा पडला होता, बोटी थांबल्या होत्या, काडी हळूहळू अर्धी बुडाली, मग पाण्याबाहेर आली, मग परत बुडाली. "आत्या, सव्वीस!" म्हणून तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या बाकावरचं जोडपं उठून दुसरीकडे गेलं. पूर्ण ट्रिपमधली हा माझा सगळ्यात आवडता अर्धा तास आहे आणि तो फुकट होता.

फुकटवरून आठवलं, सह्याद्री. अहो मी कळसूबाई तीनदा चढलेय, मला कशाला सांगता! पण तुलना करायचीच तर नीट करू. कळसूबाई १६४६ मीटर, क्वीन्सटाऊनच्या मागचा बेन लोमंड १७४८, आणि तळं ३१० मीटरवर, म्हणजे गावातून निघालात तर चौदाशे मीटरच्या वर चढ, तिकीट शून्य. मी खिंडीपर्यंतच गेले, पुढे गुडघे म्हणाले पुरे. झाडी लवकर संपते आणि मग नुसतं पिवळं गवत आणि वारा, आपल्यासारखी सावली, ताक, कांदाभजी असलं काहीही वाटेत नाही, पाणी आपलं आपण न्यायचं. चांगलं वाईट नाही, वेगळं आहे.

जाहिरातीचा मुद्दा मात्र मान्य. पैसे कोणी दिलेले नाहीत, सगळं माझ्या एफडीतून, पण परत वाचलं तेव्हा मलाच ब्रोशर वाटलं. उदाहरणार्थ "हिरवेगार डोंगर" लिहिलं, आणि ते हिरवं बरंचसं डग्लस फर नावाचं झाड आहे, बाहेरून आणून लावलेलं, आता बिया उडून डोंगरभर पसरतंय आणि तिथले लोक ते तोडून तोडून थकलेत. आमच्या हॉस्टेलच्या रिसेप्शनवरची मुलगी एका खोलीत चौघींबरोबर राहत होती, त्याच्या आधी काही आठवडे गाडीत झोपायची, कारण घरभाडं परवडत नाही. हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही, सूर्यास्ताचा फोटो टाकला. तुमचा वार बरोबर जागी बसला.

राहिली उडी. कावाराऊ नदीवरचा पूल १८८० चा, १९८८ पासून तिथून लोक पैसे भरून ४३ मीटर खाली उड्या मारतात, आणि खालून जी निळीहिरवी नदी जाते ती ह्याच तळ्यातून निघते. दोघांचं बुकिंग होतं. वजन केलं, हाताच्या मागे पेनाने आकडा लिहिला, पुलावर गेलो, भाच्याच्या घोट्यांना टॉवेल गुंडाळून वर पट्टे आवळताना मी अगदी शेजारी उभी होते. साधा न्हाणीघरातला असतो तसला टॉवेल. तो टॉवेल बघितला आणि माझं जे काय होतं ते संपलं. तो गेला, खाली लोंबकळला, रबरी होडीतल्या लोकांनी त्याला ओढून घेतलं, आणि मी ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत. घरी येऊन लिहिताना "आम्ही उडी मारली" लिहिलं, म्हणजे जसं आम्ही वर्ल्डकप जिंकलो म्हणतो तसं. वाक्य खोटं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होते, तुम्ही विचारल्यावर नाही सांगता आलं. लेखात दुरुस्ती करतेय आज.

फोटो एकच आहे, हातावरच्या आकड्याचा. पण तो माझ्या वजनाचा आकडा आहे, त्यामुळे तो काही मी टाकणार नाही, कितीही प्रतिक्रिया आल्या तरी.