एक लाख पेटंटं आणि उद्यमबागेतला मेस्त्री

सरांनी कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, आणला होता. त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या नावावर आणखी पेटंटं लागली, त्याचा. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर वाद सुरू झाला तो तिथूनच.

"देशाचं बघा की," सर म्हणाले. "२०२२-२३ ला ३४ हजार पेटंटं मंजूर झाली, २०२३-२४ ला १ लाख ३ हजार. देश पुढं जाऊलालाय."

"एका वर्षात संशोधन तिप्पट झालं काय ओ?" मेडिकलवाले अण्णा लगेच बोलले.

अण्णांचा प्रश्न रास्त होता. वर्षानुवर्षं साचलेले अर्ज त्या वर्षी भराभर निकाली निघाले. म्हणजे हा आकडा पेटंट ऑफिसच्या कामाचा वेग सांगतो. त्यातल्या कितीतरी कल्पना आधीच्या वर्षांतल्या.

सर हटले नाहीत. "मग अर्ज मोजा. वर्षाला ९० हजारांवर गेलेत. पूर्वी बाहेरच्या कंपन्यांचेच जास्त असायचे, आता निम्म्याहून जास्त आपल्याच लोकांचे." हे खरं आहे आणि मोठं आहे, ते मी मान्य केलं. पण अर्ज कुठून वाढले, हेही बघायला नको का? एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या, क्रमवारीत मंजूर पेटंटला गुण आहेत, तसे नुसत्या प्रकाशित अर्जालाही आहेत. अर्ज १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, जादा फी भरली की लवकर. त्यात नवं काय, हे तोवर कुणी तपासलेलंच नसतं. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते; ३१ महिन्यांत केली नाही तर अर्ज मागे घेतला असं धरतात. तोवर कॉलेजचे गुण पदरात पडलेले असतात. शिवाय शिक्षणसंस्थांना फीत ८० टक्के सूट.

"डिपार्टमेंटला टार्गेट असतं रे," सर म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. आकड्यावर गुण ठेवले की माणसं आकडाच तयार करणार.

मेस्त्री इतका वेळ गप्प होते. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी खडूनं कट्ट्यावरच एक व्हॉल्व्ह बॉडी काढली. आत कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बाजूनं धातूचा रस ओतायची वाट. "हितं गॅस कोंडायचा. कास्टिंगला ब्लोहोल, म्हंजे आत भोकं, पडायचे, मशीनिंग झाल्यावर कळायचं, सगळं भंगारात. मी वाट खालून घेतली, कोअरला दोन ठिकाणी गॅस काढून दिला. रिजेक्शन बंद पडल्यागत झालं. ह्याचं पेटंट मिळतंय काय?"

सरांनी नियमाप्रमाणं सांगितलं की अवघड आहे, या कामात तरबेज असलेल्या माणसाला सहज सुचेल असं काही चालत नाही.

"मग दुसऱ्या कुणाला का सुचलं न्हाई?"

जर्मनीत, चीनमध्ये अशा लहान सुधारणांसाठी युटिलिटी मॉडेल नावाची वेगळी, हलकी नोंदणी आहे. आपल्याकडं ती सोयच नाही. त्यामुळं बेळगावच्या फाउंड्रीत रोज होणारं हे काम देशाच्या कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी परदेशी नांगर बघून आपल्या जमिनीला मानवेल असा लोखंडी नांगर केला. ते संशोधनच होतं.

अण्णांनी औषधांची गोष्ट काढली. १९७० च्या कायद्यानं औषधावर पेटंट नाही, फक्त करायच्या पद्धतीवर. ते २००५ पर्यंत चाललं. त्या काळात आपल्या कंपन्यांनी तीच औषधं वेगळ्या वाटेनं करायची विद्या कमावली. २००१ मध्ये सिप्लानं एड्सवरची तीन औषधं एका रुग्णामागं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा बड्या कंपन्यांचा दर १० हजारांच्या घरात होता. "पेटंटं मोजत बसला असता तर त्या काळात भारत मागासच दिसला असता."

"म्हणून मोजूच नये?" सर चिडले.

मोजावं. पण जिवंत पेटंटं मोजावीत. तिसऱ्या वर्षापासून पेटंट राखायला फी भरावी लागते, न भरल्यास ते मरतं. पदरचे पैसे घालून कुणी दहा-बारा वर्षं पेटंट राखलं, तर त्याला त्यातून काहीतरी मिळतंय. शिवाय ते वापरात आहे का, याचं निवेदन पेटंटधारकाला द्यावंच लागतं. कॉलेजांना गुण त्यावर द्या.

सरांनी कुंद्याचा डबा मेस्त्रींपुढं केला आणि विचारलं, "माझी चार पोरं तुमच्या पॅटर्न शॉपला पाठवू काय?"

"पाठवा की. पर सकाळी आठला यायचं, आणि मोबाईल बाहेर ठेवायचा."