'त्यांच्यासाठी सयाजीबाग आहेच' : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय 'पक्षिमित्र',

बडोद्याजवळच्या वढवाणा तलावाच्या बांधावर चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल अशी वाट करावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की रामसर यादीतल्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेल्या पाणथळीत, त्या अस्पर्श निसर्गात, सिमेंट ओतणे हा गुन्हा आहे, वर्दळीने पक्षी उठतील, वाट पहिल्याच पावसाळ्यात खचेल, माझा लेख नुसता भावनेच्या भरात लिहिलेला आहे आणि शेवटी, बडोदे शहरातल्या बागेकडे बोट दाखवून, 'त्यांच्यासाठी आपली सयाजीबाग आहेच की'. देखभालीचा खर्च मी मांडला नव्हता, हे आपण दाखवलेत ते योग्यच आहे. पण त्या शेवटच्या वाक्यात जो सूर आहे, तो चारचौघांत वावरणाऱ्या सुशिक्षित माणसाला शोभत नाही.

'त्यांच्यासाठी' म्हणजे कोणासाठी? माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी पोलिओ झाला. बदकांच्या जाती तिने मला शिकवल्या, मी तिला नाही. आम्ही तिला डभोईमार्गे पाणथळी दाखवायला नेत असू, तेव्हा सुट्या खडीत खुर्चीची पुढची लहान चाके रुतत, खुर्ची जागीच अडे आणि ती पुढे कलंडे. मग खुर्ची उलटी फिरवून, मोठ्या चाकांवर मागे मागे ओढत न्यावी लागे, म्हणजे पुढे काय आहे ते तिला सोडून बाकी सर्वांना दिसे. सयाजीबागेत आम्ही तिला आपण सुचवण्याच्या कितीतरी आधीपासून नेत आलो आहोत. तिथे पट्टकादंबांचे थवे उतरत नाहीत, मोठी लालसरी पोहत नाही, हे स्वतःला पक्षिमित्र म्हणवणाऱ्याला मी सांगावे लागावे, याची गंमत वाटते.

आणि ज्याला आपण अस्पर्श निसर्ग म्हणता, तो तलाव 1910 च्या सुमारास बडोदे संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला आहे. रामसर यादीत तो 2021 मध्ये आला. माणसाने घातलेल्या मातीच्या बांधावर माणसाला चाकांवरून जाऊ देणे एवढीच माझी मागणी आहे.

सिमेंट हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या जमिनींवरील नव्या पायवाटांसाठी 2013 पासून जे नियम लागू आहेत, तेसुद्धा पृष्ठभाग घट्ट आणि स्थिर असावा एवढेच मागतात. मुरूम आणि खडीचा बारीक चुरा पाणी मारून रोलरने दाबला तर तो तसा होतो. त्याच नियमांत रुंदी किमान 36 इंच, आडवा उतार (वाटेच्या एका कडेकडून दुसरीकडे असलेला) कच्च्या वाटेवर 1:20 पेक्षा, म्हणजे वीस भागांत एक भागापेक्षा, जास्त नाही, कारण त्याहून जास्त असला तर खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि बसणाऱ्याचा एकच हात दमतो. बांधाचा माथा बहुतेक सपाटच असतो, अडचण असते ती चढावाची: दोन मीटर उंची धरली, तर 1:12 ने 24 मीटर लांब उतरण लागते. जिथे जागेचे मूळ स्वरूपच बिघडेल, तिथे हेच नियम सूटही देतात. माझी सारी नोकरी कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेली. मुरूम दरवर्षी पुन्हा दाबावा लागतो हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही, आणि त्या कारणाने कोणी कालव्याचा रस्ता बंद केल्याचेही मी पाहिलेले नाही.

पक्षी उठतील म्हणता, तर बांधावर मोबाइलवर गाणी लावून फिरणाऱ्यांना आधी हटका. खुर्चीच्या रबरी चाकांचा आवाज त्याहून खासच कमी असतो.

राहिला भावनेच्या भराचा आपला आक्षेप. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 मध्ये मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क जपण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे; त्यासाठी पक्षिमित्रांची संमती घ्यावी असे त्यात कुठे लिहिलेले मला आढळले नाही. वाहनतळ आणि भटकी कुत्री यांविषयी आपण जे लिहिले आहे, त्याचा या वाटेशी संबंध नाही, म्हणून त्यावर मी काही लिहीत नाही.